मुंबईतील लहान व्यावसायिकांच्या वतीने बोलते कोण?

टाचणवही

मुंबईतील लहान धंद्यांविषयी वर्तमानपत्रांत प्रामुख्याने दोन प्रकारचे लेखन येते. एका प्रकारात कष्टाने वर आलेल्या एखाद्या व्यक्तीची यशोगाथा असते आणि दुसऱ्या प्रकारात पदपथावरील अतिक्रमणाची बातमी असते. यशोगाथेतली व्यक्ती आणि बातमीतली व्यक्ती पुष्कळदा एकाच रस्त्यावर एकाच प्रकारचा धंदा करत असतात, हे मात्र दोन्ही लेखकांच्या नजरेतून सुटते. या धाग्यात मला यशोगाथा नको आहेत. माझा प्रश्न अगदी मर्यादित आहे. रस्ता रुंद करायचा, मंडई हलवायची, स्थानकाचा परिसर मोकळा करायचा किंवा वस्तीचा पुनर्विकास करायचा असे जेव्हा ठरते, तेव्हा भाजीवाली, माळ्यावर चामड्याची पाकिटे शिवणारा कारागीर आणि घरातून डबे देणारी बाई यांच्या वतीने बैठकीत नेमके कोण बोलते?

प्रश्न सुचण्याचे कारण सांगतो. २०१४ च्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. मुंबईत या प्रतिनिधींसाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर. मतदारयादीत सुमारे ३२ हजार नावे होती. २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले होते सुमारे ९९ हजार. कायद्याने विक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के ठेवली आहे, आणि २०११ च्या जनगणनेतील सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येवर ती ३ लाखांच्या वर जाते. मर्यादा तीन लाखांची, अर्ज लाखाच्या आसपास आणि मताचा अधिकार बत्तीस हजारांना, हे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहिले की बाकीचे फारसे सांगावे लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की या शहरात ज्याची मोजणी झाली त्याचेच म्हणणे नोंदले जाते, आणि उरलेल्यांच्या वतीने नेहमी दुसरेच कोणीतरी बोलते. तो युनियनचा पुढारी असेल, ज्ञातीचे मंडळ असेल, गाळ्याचा मालक असेल, नगरसेवक असेल किंवा सरळ हप्ता घेणारा असेल. यावर जाणकारांची मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांचा अशा धंद्यांशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांची.

हिशेबनीस

विषय चांगला मांडला आहे, परंतु ज्ञातीच्या मंडळांना तुम्ही फार लवकर निकालात काढले असे वाटते. मी गेली अनेक वर्षे लहान दुकानदारांचे आणि हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहितो. या शहरात लहान उद्योजकाला पहिले भांडवल सरकारने किंवा मोठ्या बँकांनी क्वचितच दिले. ते दिले त्याच्या गावाने, ज्ञातीने आणि भाषेच्या माणसांनी. चित्रापूर सारस्वतांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँक काढली, १९१८ मध्ये सारस्वत बँक उभी राहिली, १९३९ मध्ये मुस्लिम व्यापारी समाजाच्या पुढाकाराने बॉम्बे मर्कंटाइल बँक आली आणि तुळू भाषक बिल्लव समाजाच्या संघटनेने १९७८ मध्ये भारत बँक सुरू केली. या संस्थांचे दरवाजे पुढे सर्वांना उघडले, पण सुरुवातीचा व्यवहार आपल्या माणसाची पत आपल्याला ठाऊक असते या एका आधारावर झाला. ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नसे, त्याच्यासाठी त्याच्या काकाला ओळखणारा संचालक हेच तारण असे.

या रचनेचा दुसरा परिणाम असा झाला की पैशाबरोबर आवाजही आला. ज्या समाजाची बँक आहे, सभागृह आहे, विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे, त्याच्या शिष्टमंडळाला मंत्रालयात खुर्ची मिळते. उडुपी हॉटेलचा मालक परवान्याच्या प्रश्नावर एकटा कधीच नसतो, कारण त्याच्यामागे हॉटेलवाल्यांची संघटना असते आणि तिच्यामागे त्याच्या समाजाची संघटना असते.

आता यातील उणीव. हा आवाज मालकाचा असतो. त्याच हॉटेलात टेबल पुसणाऱ्या मुलाचा किंवा दारात पानाची टपरी लावणाऱ्याचा तो नसतो. शिवाय ज्यांच्या समाजाने बँक काढली नाही, ज्यांचे गाव उशिरा मुंबईत आले किंवा जे गावातही भूमिहीन होते, त्यांच्याकडे भिशी आणि सावकार यांच्यापलीकडे काही नव्हते. म्हणून २०१४ च्या कायद्याचे महत्त्व मला मान्य आहे. ज्ञात आणि भाषा न विचारता केवळ धंद्याच्या आधारे प्रतिनिधित्व देण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु ज्ञातीच्या संस्था उभ्या राहायला एकेक पिढी गेली, हेही विसरून चालणार नाही.

पदपथ_मोकळा

मी उपनगरातील एका रहिवासी समितीचे काम पाहतो, त्यामुळे या धाग्यावर माझी बाजू अप्रिय ठरेल याची कल्पना आहे. तरीही मांडतो.

पदपथ हा चालणाऱ्याचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक निकषांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी लागते. आमच्या विभागातील बहुतेक रस्त्यांवर दुकानांच्या पुढे आलेल्या फळ्या, दुचाक्या, विजेच्या पेट्या आणि फेरीवाले यांच्यातून जेमतेम एक माणूस जाईल इतकी वाट उरते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी रस्त्यावर गाड्यांमधून जायचे का? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटर अंतरात फेरीवाल्यांना मनाई केली. तो निर्णय कोणाच्या द्वेषातून आलेला नव्हता.

आमच्यासारख्या गटांना उच्चभ्रूंचा आवाज म्हणण्याची पद्धत आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या एका गल्लीतून ही चळवळ सुरू झाली ती ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यासाठी. आजही बहुतेक बैठकांत गटारे, खड्डे आणि दिवे हेच विषय असतात. स्थानिकांचा आवाज म्हणायचा तर तो आमचाही आहे, आणि आम्हीही रीतसर नोंदणी करूनच तो मिळवला आहे.

कायद्याचा_विद्यार्थी

पदपथ_मोकळा यांच्या प्रतिसादातील तथ्ये बरोबर आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे. कायद्याचे जे तपशील अशा चर्चेत नेहमी गळतात, ते नोंदवतो.

१. समितीत रहिवाशांना जागा आहे. महापालिका आयुक्त अध्यक्ष असतात आणि विक्रेत्यांच्या ४० टक्क्यांखेरीज रहिवासी संघटना, व्यापारी संघटना, स्वयंसेवी संस्था, वाहतूक पोलीस आणि नियोजन प्राधिकरण यांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे कायद्याने विक्रेता आणि रहिवासी यांना एकाच टेबलाशी आणले आहे. व्यवहारात रहिवासी आपल्या विभाग कार्यालयात वेगळे भेटतात, विक्रेते युनियनमार्फत वेगळे भेटतात, आणि समोरासमोर येतात ते केवळ महापालिकेची गाडी माल उचलायला आल्यावर.

२. कलम ३ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. हे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायला हवे. विक्रेत्याला जागेवरून हलवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केल्यास सहीनिशी यादी द्यावी लागते, नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. सायंकाळी उचललेल्या कोथिंबिरीच्या बाबतीत या तरतुदीचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, हे वाचकांनी ठरवावे.

३. हा अधिकार २०१४ मध्ये आकाशातून पडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. ते प्रकरण मुंबईच्याच पदपथवासीयांचे होते. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात रस्त्यावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्क असल्याचे म्हटले. सप्टेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात कायदा होईपर्यंत २००९ चे राष्ट्रीय धोरण लागू करण्याचे निर्देश दिले. दुसरीकडे मुंबईत नवे फेरीवाला परवाने देणे १९७८ पासून जवळजवळ थांबले होते. परवाना द्यायचा नाही आणि परवाना नाही म्हणून उचलायचे, या चक्रात दोन पिढ्या गेल्या. हप्ता हा या चक्राचाच उपज आहे. प्रत्येक नाकारलेला परवाना कोणासाठी तरी उत्पन्नाचे साधन ठरतो.

टाचणवही यांनी दिलेल्या आकड्यांबद्दल एक भर घालतो. ९९ हजारांतले बहुसंख्य यादीबाहेर राहिले, कारण कागद पुरे पडले नाहीत. अधिवासाच्या दाखल्यावरून बराच वाद झाला. जो मनुष्य वीस वर्षे भाड्याच्या खोल्या बदलत राहतो आणि ज्याच्या नावावर विजेचे बिल कधीच आले नाही, त्याने तो दाखला आणायचा कोठून?

जुने_पाकीट

वाचतो आहे. क्रमांक २ मधील नाशवंत मालाची तरतूद मला ठाऊक नव्हती, आणि मी ज्यांच्याकडून पंधरा वर्षे भाजी घेतो त्या मावशींनाही ठाऊक नव्हती. त्यांनी आजच मला विचारले की हे मराठीत छापलेले कोठे मिळेल.

लालबागची_सून

इथे सर्व चर्चा रस्त्यावर दिसणाऱ्या धंद्यांची चालली आहे. जे धंदे घराच्या आत चालतात ते मोजणीत कोठे येतात?

गिरणगावात हजारो कामगार कुटुंब कोकणात किंवा घाटावर ठेवून एकटे राहत. त्यांचे जेवण त्याच चाळीतल्या खानावळवाल्या बायका करत. माझ्या सासूबाई त्यांतल्या एक. पुरुष गिरणीत जाई आणि बाई दहा-पंधरा जणांच्या दोन वेळच्या जेवणाचा कारखाना दहा बाय दहाच्या खोलीत चालवी, तरी जनगणनेच्या कागदावर ती गृहिणीच. जेवणाऱ्यांचे पैसे पगाराच्या दिवशी यायचे आणि वाण्याचा माल महिनाभर उधारीवर घ्यावा लागायचा, त्यामुळे मधल्या काळात सावकार होताच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायकांसाठी. एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या अधिकाऱ्याला खानावळ हा व्यवसाय आहे हे पटवणे हेच त्यातले मोठे काम होते, असे सासूबाई सांगत. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता आवाजाचा मुद्दा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाची एक मोठी मागणी प्रतिनिधित्वाचीच होती, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी मालकांशी बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता आणि बहुसंख्य कामगारांना ती युनियन आपली वाटत नव्हती. म्हणजे ज्यांची मोजणी चोख झाली होती, ज्यांचे नाव हजेरीपटावर होते, त्यांचाही आवाज दुसऱ्याच्या हाती होता. हे टाचणवही यांच्या मांडणीत बसत नाही, याचा त्यांनी विचार करावा. आणि त्या अडीच लाखांच्या जेवणाची उधारी ज्या बायकांकडे थकली, त्यांचे नाव तर कोणत्याच वाटाघाटीत नव्हते. संपात कामगार देशोधडीला लागला हे सर्वांना ठाऊक आहे. खानावळवाली त्याच्या आधी बुडाली, कारण पगार थांबला तरी पहिले दोन-तीन महिने तिने ताट थांबवले नव्हते.

लिज्जतचे उदाहरण नेहमी दिले जाते म्हणून तेही तपासून पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी देऊन वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी घ्यायची, आणि लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक. त्या पुढे आल्या याचे कारण धडाडी आहे यात शंका नाही, पण त्याहून मोठे कारण असे की त्यांनी मालक आणि कामगार हा भेदच संस्थेच्या घटनेत ठेवला नाही. म्हणून त्यांच्या वतीने बोलायला बाहेरचा माणूस लागला नाही. आज घरातून डबे देणाऱ्या बायका वर्षाला शंभर रुपये शुल्क भरून अन्नसुरक्षेची नोंदणी करतात आणि मोबाइलवर उद्यम प्रमाणपत्रही काढतात. कागद दोन झाले, पण एकमेकींशी संबंध शून्य. प्रत्येकीचे गिऱ्हाईक एका ॲपच्या हातात आहे.

स्पष्टवक्ता

सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु मूळ मुद्दा कोणीच मांडत नाही. बहुसंख्य फेरीवाले परप्रांतीय आहेत. मराठी माणूस या धंद्यांतून हद्दपार झाला आहे. आधी स्थानिकांना प्राधान्य द्या, मग प्रतिनिधित्वाचे बोला.

मावळातला

स्पष्टवक्ता यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. आमच्या मुलांनी धंद्यात यावे असे मलाही वाटते आणि न येण्याची कारणे आमच्याच घरात आहेत, हेही मी पाहतो. नोकरी लागली तर पेढे वाटायचे आणि टपरी टाकली तर सोयरीक जुळत नाही, असा आमच्याकडचा व्यवहार आहे.

मात्र स्थानिक कोणाला म्हणायचे याचे उत्तर सोपे नाही. डबेवाल्यांची व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. आम्ही सगळे मावळ, राजगुरुनगर, जुन्नर, अकोले या भागांतले. शेती पोट भरत नव्हती म्हणून आलो. त्या काळच्या मुंबईकराच्या दृष्टीने आम्हीही बाहेरचेच. आमच्या डब्याचे गिऱ्हाईक पारशी, गुजराती, मारवाडी, दक्षिणी, मराठी असे सगळे होते, कारण प्रत्येकाला आपल्या घरचेच जेवण हवे असे. शहरात इतक्या तऱ्हेची माणसे नसती, तर आमचा धंदाच उभा राहिला नसता. सगळ्यांना एकाच खानावळीचे जेवण चालले असते.

आमचा आवाज टिकला तो संघटनेमुळे. १९५६ मध्ये ट्रस्टची नोंदणी झाली. गटागटाने काम, गटाला मुकादम, गटाची कमाई गटात वाटायची, भांडण झाले तर आपसात मिटवायचे. परंतु तीच संघटना २०२० मध्ये लोकल बंद पडल्यावर किती उपयोगी पडली? पाहुणे येऊन आमच्या व्यवस्थापनाचे कौतुक करत होते, त्या कौतुकातून लोकलमध्ये चढण्याची परवानगी कित्येक महिने मिळाली नाही. पुष्कळ जण गावी गेले ते परतलेच नाहीत. प्रसिद्धी आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतके त्या वर्षाने शिकवले.

साठ_फुटी_रस्ता

धारावीतून लिहितो. आमच्या घरचा चामड्याचा व्यवसाय आहे. तामिळनाडूतून आजोबा आले तेव्हा कातडी कमावण्याचे काम होते, आता आम्ही फक्त पट्टे, पाकिटे आणि पिशव्या करतो.

बाहेरून पाहणाऱ्याला धारावी ही एक वस्ती वाटते. आतून पाहिले तर कुंभारवाड्यातील सौराष्ट्रातून आलेले कुंभार, चामड्यातले तमिळ आणि उत्तर भारतीय, तेरा कंपाउंडमधले भंगार आणि प्लास्टिकवाले, इडली करून डोक्यावर पातेले घेऊन निघणारे, शिवणकाम आणि जरीकाम करणारे, खाडीकाठचे मूळचे कोळी, असे प्रत्येकाचे जग वेगळे आहे. कुंभाराला भट्टी आणि अंगण हवे. भंगारवाल्याला ट्रक उभा राहील असा रस्ता हवा. मला माळा हवा. त्यामुळे धारावीचा आवाज म्हणून जो कोणी बोलतो, तो यांपैकी कोणाचा तरी आवाज सोडून देऊनच बोलतो.

पुनर्विकासाच्या अटी पाहा. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळणार आहे आणि पात्र व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फूट. वरच्या मजल्यावरच्यांची सोय धारावीबाहेर, भाडेतत्त्वाच्या घरांत. कागदावर हे समजण्यासारखे आहे. पण आमच्या धंद्यात खाली कापणे आणि विकणे चालते, माळ्यावर शिवणे चालते, आणि रात्री त्याच माळ्यावर कारागीर झोपतात. मोजणी करणाऱ्याच्या तक्त्यात तळमजला एक नोंद आहे आणि माळा दुसरी नोंद आहे. धंदा म्हणून ते एकच आहे, परंतु त्या एका गोष्टीसाठी तक्त्यात रकाना नाही. मोजले जाण्यावर सर्व अवलंबून आहे, या धागाकर्त्याच्या म्हणण्यात मी एवढीच दुरुस्ती सुचवतो की काय मोजायचे हे ठरवताना त्या धंद्यातला माणूस समोर हवा. मोजणी झाल्यावर हरकती मागवतात, तोपर्यंत रकाने छापून झालेले असतात.

अवांतर: स्पष्टवक्ता यांच्यासाठी. माझे वडील मुंबईत जन्मले, मी मराठी माध्यमाच्या पालिका शाळेत शिकलो. मी कोणत्या रकान्यात येतो?

हिशेबनीस

साठ_फुटी_रस्ता यांचा रकान्यांचा मुद्दा माझ्या कामात रोज दिसतो, म्हणून पुन्हा लिहितो.

जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज १० हजार, ते फेडल्यावर २० हजार, मग ५० हजार. २०२५ मध्ये पहिल्या दोन टप्प्यांची रक्कम १५ आणि २५ हजार केली. वेळेवर फेडणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान. ज्यांचे नाव सर्वेक्षणात नव्हते त्यांच्यासाठी स्थानिक संस्थेने शिफारसपत्र द्यायचे, अशी सोय ठेवली. ही सोय चांगलीच होती, परंतु तिच्यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. हाच मनुष्य विक्रेता आहे असे एक कागद बँकेला सांगतो, आणि विक्री प्रमाणपत्र मागायला गेल्यावर हाच मनुष्य अपात्र ठरतो. माझ्या ओळखीचा एक फळविक्रेता दुसरे कर्ज फेडत असतानाच त्याची गाडी उचलली गेली. कर्ज धंद्यासाठी दिले होते आणि धंदा उभा राहील अशी जागा कोणी दिली नव्हती. बँकेच्या नोंदीत आता तो थकबाकीदार आहे, म्हणजे पुढच्या कर्जासाठीही त्याचा कागद बिघडला.

थोड्या मोठ्या उद्योजकांचेही असेच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यातील नव्या तरतुदीने तर वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, असे केले. परिणाम असा की काही मोठे खरेदीदार आता नोंदणी नसलेल्या पुरवठादाराला पसंती देतात. कायद्याने दिलेला आवाज वापरायचा म्हटले तर गिऱ्हाईक जाते. ज्यांची संघटना आहे ते हे एकत्रितपणे मांडू शकतात. धारावीत किंवा साकीनाक्याला एकट्याने काम करणारा मुकाट्याने नव्वद दिवस थांबतो.

टाचणवही

सर्वांचे आभार. लालबागची_सून यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य नाही, पण तो टाळता येण्यासारखा नाही. गिरणी कामगाराची मोजणी झाली होती, तरी त्याचा प्रतिनिधी कायद्याने लादलेला होता. पथविक्रेता कायद्यात प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडायचा आहे, हा फरक मला मोठा वाटतो. एकच अडचण आहे की निवडणाऱ्यांचीच यादी लहान ठेवली, तर निवडून आलेलाही मान्यताप्राप्त युनियनसारखाच होऊन बसेल. ९९ हजारांतील यादीबाहेर राहिलेल्यांना तो आपला का वाटावा?

आणखी एक गोष्ट इथे आली नाही ती नोंदवतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. चांगला असो वा वाईट, नगरसेवक हा लहान धंदेवाल्यासाठी तक्रार घेऊन जाण्याचा सर्वांत जवळचा दरवाजा होता. विक्रेत्यांची निवडणूक झाली तीही याच काळात. म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये फेरीवाल्याला समितीसाठी मत देता आले, पण आपल्या प्रभागासाठी मत देऊन तेव्हा साडेसात वर्षांचा काळ लोटला होता, कारण आधीची निवडणूक २०१७ ची.

जुने_पाकीट यांनी विचारलेला प्रश्न मागे राहिला आहे. भाजीवाल्या मावशींना आज कोणता कागद उपयोगी पडेल?

कायद्याचा_विद्यार्थी

थोडक्यात सांगतो. २०१४ च्या सर्वेक्षणातील अर्जाची पोच असल्यास ती सर्वांत मोलाची, कारण प्रमाणपत्र मिळेपर्यंत हटवू नये ही तरतूद त्या सर्वेक्षणाशी जोडलेली आहे. ती नसेल तर स्वनिधीचे शिफारसपत्र, कर्जाचे पासबुक आणि पूर्वी झालेल्या दंडाच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. दंडाची पावती हा आपल्याविरुद्धचा पुरावा आहे असे समजून पुष्कळ जण ती फाडून टाकतात. प्रत्यक्षात अमुक तारखेला अमुक ठिकाणी हा मनुष्य धंदा करत होता, हे तीच सांगते. माल जप्त झाल्यास सहीची यादी मागावी आणि ती न दिल्यास तसे लेखी नोंदवावे. तक्रार निवारणासाठी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेल्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली समिती असावी अशीही तरतूद आहे. कायद्याचा मराठी मजकूर छापून चार गल्ल्यांत वाटायचा असेल, तर मजकूर तपासून देण्याचे काम मी करीन.

पदपथ_मोकळा

छपाईचा खर्च आमची समिती उचलेल, मात्र त्या पत्रकात विक्रेत्यांच्या हक्कांबरोबर १.८ मीटरचा निकषही छापावा लागेल, आणि दुकानांच्या पुढे आलेल्या फळ्यांचाही उल्लेख हवा, कारण फेरीवाला उठवल्यावर ती जागा चालणाऱ्याला न मिळता दुकानदाराच्या दुचाकीला मिळते, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या पुढच्या बैठकीला विभागातील निवडून आलेल्या विक्रेता प्रतिनिधींना बोलावण्याचा प्रस्ताव मी ठेवतो. तो मंजूर होईलच असे नाही. आमच्यातले निम्मे सदस्य विरोधात जातील. मतदारयादीत नसलेल्यांना बोलावण्याबद्दल मात्र माझी तयारी अजून नाही, कारण मग कोणाला बोलावले आणि कोणाला वगळले याचा हिशेब मला द्यावा लागेल.

लालबागची_सून

तो हिशेब द्यावा लागेल म्हणूनच बोलवा. यादीत नसलेल्यांपैकी तिघीजणींना मी घेऊन येते. त्यांतल्या एकीकडे दंडाच्या पावत्यांची अख्खी पिशवी आहे.